कुंडीतली माती आहे तेवढीच, मग एवढं झाड आलं कुठून?

कुंडीतली_कविता

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाहीये, लेकीचा आहे, इयत्ता सहावी. पण उत्तर मलाच देता आलं नाही म्हणून इथे टाकतेय, हसू नका.

झालं असं की चार वर्षांपूर्वी जास्वंदीची वीतभर फांदी कुंडीत खोचली होती. आता ती माझ्या डोक्याच्या वर गेलीये आणि खोड अंगठ्यापेक्षा जाड झालंय. खालच्या भोकातून मुळं बाहेर डोकवायला लागली म्हणून रविवारी मोठ्या कुंडीत हलवायला घेतली. कुंडी आडवी करून थापटली तर अख्खा गोळा सटकन बाहेर आला, मुळांनी माती अशी आवळून धरलेली की कुंडीचाच साचा. लेक शेजारी उकिडवी बसून बघत होती. आई, झाड काय खाऊन एवढं मोठं झालं? मी हातातलं काम न सोडता म्हटलं, माती खाऊन. ती त्या गोळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग माती संपली का नाही?"

इथे माझी बोलती बंद. खरंच माती भरताना काठापासून दोन बोटं खाली होती, आजही तेवढीच. मधे मधे मूठभर कंपोस्ट टाकलं असेल तेवढंच. मग मी म्हटलं पाणी पिऊन वाढलं. त्यावर म्हणते, पाणी तर वाळून जातं, लाकूड वाळलं तरी लाकूडच राहतं ना. प्रकाशसंश्लेषण हा शब्द मला येतो, समीकरणसुद्धा आठवतं, पण त्या समीकरणाचा माझ्या हातातल्या या टणक लाकडाशी संबंध काय ते मला जोडता येईना. "सूर्यप्रकाशापासून अन्न तयार होतं" असं म्हणून बघितलं तर, "उजेडाचं लाकूड कसं होईल?"

कोणी नीट सांगेल का? तिला आणि मलाही.

टवाळ_तेरडा

ताई, लेकीला वकील करा, उलटतपासणी झकास घेते. उत्तर मलाही येत नाही, पुढच्या बाकावर जागा धरून बसतो.

फळा_आणि_खडू

कविताताई, तुमची लेक जिथे अडली तिथेच आजच्या बेल्जियममधला एक माणूस अडला होता आणि त्यासाठी त्याने पाच वर्षं घालवली. यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती मोठ्या कुंडीत भरली आणि त्यात विलोचं, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतलं, ५ पौंडांचं रोप लावलं. वरून धूळ पडून हिशेब चुकू नये म्हणून कुंडीवर भोकांचं झाकण. पाच वर्षं फक्त पाणी, तेही पावसाचं नाहीतर ऊर्ध्वपातन केलेलं. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं तर १६९ पौंड आणि वर तीनेक औंस. माती परत वाळवून तोलली, ती फक्त २ औंसांनी कमी! दोन औंस म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास. आणि दर पानगळीला गळलेली पानं त्याने मोजलीच नव्हती, म्हणजे झाडाचं खरं उत्पन्न याहून जास्तच. हे सगळं छापून आलं १६४८ साली, तो वारल्यानंतर चार वर्षांनी.

म्हणजे "माती खाऊन" हे उत्तर तेव्हाच निकालात निघालं. पण पुढे त्याने निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्याचंच बनलंय, कारण पाण्याशिवाय त्याने दुसरं काही घातलंच नव्हतं ना. मला यातली गंमत अशी वाटते की "गॅस" हा शब्द ज्याने घडवला तो हाच माणूस. कोळसा जळताना जो वायू निघतो त्याला त्याने नावसुद्धा दिलं होतं, आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. आणि त्याचं झाड पाच वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर नेमका तोच वायू आत ओढत होतं. हाताशी असून दिसलं नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं जोरात हसायची, आणि मग तीच मुलं परीक्षेत "झाड मातीतून अन्न शोषून घेते" असं लिहायची. तीस वर्षं तपासलंय, सांगतो ना.

तर उत्तर असं. झाडाचं लाकूड मुख्यतः हवेतून येतं. पानाच्या, बहुतेक करून खालच्या बाजूला, बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत जातो. मुळांकडून पाणी येतं. हरितद्रव्य उजेड पकडतं आणि त्या जोरावर पाणी फोडलं जातं. पाण्यातला हायड्रोजन आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड जोडून साखर बनते, आणि ऑक्सिजन बाहेर टाकला जातो. लेकीला सांगा, तुझी शंका बरोबर आहे, उजेडाचं लाकूड होत नाही. उजेड म्हणजे गवंडी, विटा नव्हेत. विटा हवेतून आणि पाण्यातून येतात, उजेड फक्त त्या रचायचं काम करतो.

आता साखरेचं लाकूड कसं? साखरेचे म्हणजे ग्लुकोजचे हजारो रेणू माळेसारखे एकमेकांना जोडले की सेल्युलोज होतं. पेशींच्या भिंती त्याच्याच. त्यात लिग्निन नावाचा दुसरा पदार्थ भरला की भिंती टणक होतात, तेच लाकूड. वाळलेल्या लाकडात वजनाने जवळपास निम्मा कार्बन असतो, चाळीस टक्क्यांच्या वर ऑक्सिजन आणि सहाएक टक्के हायड्रोजन. मातीचा वाटा बघायचा असेल तर लाकूड जाळा. जे उडून गेलं ते हवेचं आणि पाण्याचं, खाली राहिली ती राख मातीची. शंभर किलो वाळक्या लाकडाची राख किलो-दोन किलोच्या पुढे सहसा जात नाही.

कुंडीतली_कविता

सर, उजेड म्हणजे गवंडी हे लगेच पटलं तिला. पण आता नवीन सुरू झालंय. हवेला कुठे वजन असतं? आणि मी पुस्तक काढून बघितलं तर कार्बन डायऑक्साइड हवेत ०.०४ टक्के, म्हणजे असून नसल्यासारखा. एवढ्याशा वायूतून एवढं मोठं झाड? मला स्वतःलाच हे पटेना आता, तिला काय सांगू.

दहा_बाय_दहा

आकडेमोड माझ्याकडे द्या, तेवढंच एक येतं.

दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीपण दहा फूट धरा. म्हणजे साधारण २८ घनमीटर. या खोलीतल्या नुसत्या हवेचं वजन ३३ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे तुमच्या सहावीतल्या लेकीएवढं जवळजवळ. हवेला वजन नसतं असं आपल्याला वाटतं कारण आपण तिच्यातच बुडालेलो असतो, माशाला पाण्याचं काय वजन वाटणार.

आता त्यातला कार्बन डायऑक्साइड. दहा लाख भागांत ४२० भाग धरले तर अख्ख्या खोलीत २१ ग्रॅमच्या आसपास. त्यातला निव्वळ कार्बन ६ ग्रॅमला थोडा कमी. एक किलो वाळलेल्या लाकडात अर्धा किलो कार्बन धरला तर तेवढ्यासाठी अशा ८५ एक खोल्यांमधली हवा गाळून सगळा कार्बन काढून घ्यावा लागेल. ऐकायला अचाट वाटतं पण झाड काही खोलीत कोंडलेलं नसतं, वारा वाहतोय, पानाजवळची हवा सारखी बदलतेय, आणि झाडाला घाई नाहीये. तुमच्या जास्वंदीने चार वर्षं लावली की. रोजचे अडीचशे-तीनशे लिटर हवेतला कार्बन घेतला तरी वर्षाला चाळीसेक ग्रॅम लाकूड सहज होतं, यापेक्षा तुमची जास्वंदी नक्कीच जास्त कामसू असणार.

पानं चपटी आणि पातळ का असतात याचं उत्तरपण मला या हिशेबातच मिळालं, म्हणजे मला तरी. विरळ माल गोळा करायचा असेल तर जाळं मोठं लागतं. त्याच पानाचा कोणी गोळा करून ठेवला असता तर झाड उपाशी मेलं असतं.

बांधावरून_बोलतोय

हे सगळं वाचून करमणूक झाली पण मला एक सांगा, झाड हवेवर वाढतं तर आम्ही खतं कशाला टाकतो? येड लागलंय का आम्हाला? एक हंगाम युरिया चुकला की पीक बोटभर राहतं आणि पिवळं पडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा काय हवा कमी पडली होती का? शहरातली माणसं कुंडीत झाड लावतात आणि पुस्तकातून शेती शिकवतात. राग मानू नका पण माती म्हणजे सगळं आहे.

फळा_आणि_खडू

राग कसला, रास्त सवाल आहे. उलट हा प्रश्न कोणी विचारला नाही की धडा अर्धा राहतो.

व्हान हेल्मोंटची माती दोन औंसांनी का होईना, कमी झालीच होती. त्याने ते तोलण्यातली चूक म्हणून सोडून दिलं असावं असं वाटतं. पण सगळी मेख त्या दोन औंसांतच आहे. हरितद्रव्याच्या एका रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो आणि त्याला चारी बाजूंनी नायट्रोजनचे चार अणू धरून असतात. हवेतून कार्बन कितीही येऊ दे, हा मॅग्नेशियम आणि नायट्रोजन नसेल तर उजेड पकडणार कोण? प्रथिनांना नायट्रोजन लागतो, पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला फॉस्फरस लागतो, पर्णरंध्रं उघडायला-मिटायला पोटॅशियम लागतं. वजनात हे सगळं किरकोळ. पण घड्याळातला एक बारीक दात तुटला तर बाकी सगळं पितळ असून घड्याळ बंदच ना.

आणि तुमच्या युरियाचं म्हणाल तर तो नायट्रोजनसाठीच टाकतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, झाड त्यातच उभं आहे, पण त्याला तो घेता येत नाही. त्या वायूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाकडे ते सोडवायची हत्यारंच नाहीत. काही जिवाणूंकडे आहेत. हरभरा, भुईमूग, तूर यांच्या मुळांवर गाठी दिसतात ना, त्यात ते राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नायट्रोजन देतात.

मातीशिवाय झाड वाढतं हेही खरंय पण. १८६०च्या सुमारास युलियस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने नुसत्या पाण्यात ठराविक क्षार विरघळवून त्यात रोपं वाढवून दाखवली. म्हणजे माती झाडाला काय देते? क्षार, पाणी आणि उभं राहायला आधार. अन्न ते स्वतः रांधतं. खताला "झाडाचं अन्न" म्हणायची जी पद्धत पडलीये तिनेच हा घोळ केलाय, माझं स्पष्ट मत आहे.

बांधावरून_बोलतोय

घड्याळाचं पटलं. बरं मग हे पण जोडून टाका, पुस्तकवाल्यांना उपयोगी पडेल. नत्र कमी पडलं की पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला पाठवतं, घरातला म्हातारा स्वतःच्या ताटातलं नातवाला काढून देतो तसं. मॅग्नेशियम कमी पडलं तरी खालचीच पानं, पण शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा. आणि लोह कमी असलं तर उलटं, शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, कारण लोह एकदा जुन्या पानात बसलं की तिथून हलत नाही. म्हणून पान पिवळं दिसलं की लगेच युरियाची मूठ भरू नका, आधी बघा वरचं पिवळं की खालचं. ताई तुम्ही पण.

कुंडीतली_कविता

दादा हे फारच कामाचं सांगितलंत. मी सरसकट सगळ्याला तेच एक खत टाकत होते.

सावलीतला_वाल

या विषयावर मी लहानपणी सपशेल फसलेलो आहे म्हणून लिहितो. शाळेच्या प्रकल्पात वालाचे दाणे एक डबा अंधारात आणि एक खिडकीत असे ठेवले होते. आठ दिवसांनी बघतो तर अंधारातले कोंब दुप्पट उंच! खिडकीतले बुटके, गुटगुटीत, हिरवेगार, आणि कपाटातले लांबलचक, पांढरट पिवळे, मान वाकडी, पानं एवढीशी आणि मिटलेली. मी वहीत ठोकून दिलं की अंधारात झाड जास्त वाढतं. वजनसुद्धा केलं होतं, दाण्याच्या तिप्पट भरलं. बाईंनी वहीवर फक्त एक प्रश्न लिहून परत दिली, "वाळवून वजन केलंस का?"

अनेक वर्षांनी माझ्या मुलाबरोबर नीट करून बघितलं. सारखे दिसणारे पन्नास-पन्नास दाणे मोजून घेतले. एक पुडी तशीच ठेवली. दुसरीतले दाणे भिजवून अंधारात आठ दिवस वाढवले, मग सगळे कोंब मुळांसकट उन्हात कडकडीत होईपर्यंत वाळवले, आणि सोनाराच्या काट्यासारखा एक छोटा काटा आहे त्यावर तोलले. अंधारात एवढे उंच वाढलेले कोंब वाळल्यावर मूळच्या कोरड्या दाण्यांपेक्षा हलके भरले!! मुलाला वाटलं काटा बिघडला. पण बिघडलं काहीच नव्हतं. अंधारात नवीन साखर बनत नाही, दाण्यात आईने बांधून दिलेली शिदोरी असते तीच जाळून कोंब उजेड शोधत लांब लांब जातो, आणि जळालेलं सगळं कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत परत. उंची दिसते ती पाणी भरून फुगलेल्या पेशींची. खिडकीतली एक पुडी आम्ही तीन आठवडे वाढू दिली, ती मात्र वाळल्यावर दाण्यांपेक्षा जड निघाली.

कविताताई, लेकीला हे करायला सांगा. फक्त कोंब नीट वाळवा, जरा ओल राहिली की निकाल उलटा लागतो, आमचं पहिल्यांदा तेच झालं.

झोपाळू_मनीप्लांट

विषय निघालाच आहे तर विचारून घेतो. मी बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवलंय कारण म्हणे ते रात्री ऑक्सिजन सोडतं. आणि सासूबाई म्हणतात रात्री झाडं विषारी वायू सोडतात, उचला ते. नक्की कोण बरोबर? घरातली शांतता तुमच्या हातात आहे.

बॉटनी_अर्धवट_सोडलेली

दोघेही चूक, आता घरात हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

एक, झाड जो ऑक्सिजन सोडतं तो पाणी फुटून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही. पुष्कळांना वाटतं झाड सीओटू घेतं आणि त्यातला सी ठेवून ओटू परत देतं. तसं नाहीये. १९४१ साली रूबेन आणि केमन यांच्या गटाने जड ऑक्सिजन वापरून हे दाखवलं, म्हणजे जरा वजनदार अणू असलेला ऑक्सिजन, त्यामुळे खूण केल्यासारखा ओळखू येतो. पाण्यात खूण घातली तर ती बाहेर येणाऱ्या ऑक्सिजनमध्ये सापडली. आणि पाणी फोडायला उजेड लागतोच. त्यामुळे काळोखात कुठलंच झाड ऑक्सिजन बनवत नाही, स्नेक प्लांटही नाही.

मग ही अफवा कुठून आली? स्नेक प्लांट, निवडुंग, कोरफड ही मंडळी कोरड्या जागची. दिवसा पर्णरंध्रं उघडली तर पाणी उडून जाईल म्हणून रात्री उघडतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा दारं बंद करून त्याची साखर करतात. म्हणजे रात्री ती कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, त्याचं कोणीतरी "रात्री ऑक्सिजन देतात" करून टाकलं.

दोन, सासूबाईंचं. रात्री झाडं श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात हे खरं आहे, दिवसापण घेतात, पण उन्हात त्यांचं बनवणं जास्त असतं म्हणून कळत नाही. पण विषारी वगैरे काही नाही, आणि एका कुंडीचा श्वास किती असणार. त्याच खोलीत झोपलेला एक माणूस त्यापेक्षा कितीतरी जास्त सोडतो. त्या हिशेबाने आधी तुम्हालाच उचलावं लागेल.

टवाळ_तेरडा

हाहाहा, सासूबाईंना हा शेवटचा मुद्दा वाचून दाखवू नका फक्त.

बाकी झाड श्वास घेतं म्हणता तर मुळंपण घेत असणार ना? माझा मनीप्लांट मी पाणी घालघालून मारला होता. पानं मलूल दिसली की मी आणखी पाणी घालायचो, आणि ती आणखी मलूल व्हायची.

बॉटनी_अर्धवट_सोडलेली

अगदी तेच. मुळांना उजेड नाही, हरितद्रव्य नाही, ती पानांनी पाठवलेल्या साखरेवर जगतात आणि ती साखर वापरायला त्यांना ऑक्सिजन लागतो, जो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असतो. पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग सडतात, मग पाणी ओढणार कोण? झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. वरून दिसायला तहानलेलं आणि बुडालेलं झाड सारखंच दिसतं. म्हणून पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसून बघायचं.

आणि कविताताई, लेकीचं "पाणी तर वाळून जातं" हे वाक्य मला फार आवडलंय. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी पानांतून वाफ होऊन उडूनच जातं, त्याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. कार्बन डायऑक्साइडसाठी दार उघडलं की पाणी निसटणारच. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत घ्यायला पाण्याचे शेकडो रेणू घालवावे लागतात साध्या झाडांना. काय तोट्याचा धंदा आहे बघा. त्या उडणाऱ्या पाण्याच्या ओढीनेच खालचं पाणी वर चढतं हा त्यातल्या त्यात फायदा.

खिळा_ठोकलेला_आंबा

माझा जरा आडवळणाचा अनुभव. लहान असताना भावाने अंगणातल्या झाडाच्या खोडात माझ्या खांद्याच्या उंचीवर खिळा ठोकला होता. म्हणाला बघ, तू मोठी होशील तेव्हा हा खिळा पार वर जाईल, हात पुरणार नाही. वीस-बावीस वर्षांनी गेले तर खिळा माझ्या कमरेच्या जरा वर! तसाच, तिथेच, फक्त सालीने अर्धा गिळलेला. झाड तिप्पट झालेलं. मला तेव्हा कळेचना की मधलं खोड वर सरकलं कसं नाही.

मग वाचलं की झाड आपल्यासारखं सगळीकडून वाढत नाही. उंची फक्त शेंड्याला आणि मुळांच्या टोकाला वाढते, तिथे सारख्या विभागणाऱ्या पेशी असतात. खोड जाड होतं ते सालीखालच्या एका पातळ थरामुळे, कॅम्बियम म्हणतात, तो आतल्या बाजूला लाकूड टाकत जातो आणि बाहेरच्या बाजूला साल. खिळा त्यात हळूहळू पुरला जातो, पण वर जात नाही. नारळाला हा थर नसतो म्हणून तो खालपासून वरपर्यंत जवळपास सारख्याच जाडीचा. आणि गवताची वाढीची जागा पात्याच्या बुडाशी असते म्हणून ते कापलं तरी परत येतं, शेंडा गेल्याचं त्याला काही वाटत नाही.

फळासरांच्या मुद्द्याला जोडून एक. त्याच झाडाच्या एका फांदीला कोणीतरी तार घट्ट बांधून विसरून गेलं होतं. तारेच्या वर फांदी टम्म फुगलेली आणि तारेखाली बारीक. पानात बनलेली साखर सालीच्या आतल्या रसवाहिन्यांमधून खाली येते, तारेने तो रस्ता आवळला की माल वरच अडकतो. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या आत लाकडात असतात त्यामुळे पानं मात्र मस्त हिरवी. झाडाची जाडी वरून खाली येते, मुळांकडून वर नाही, हे मला त्या तारेने शिकवलं. (तार मी कापली.)

फळा_आणि_खडू

वा! हा खिळा आणि ही तार तीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती मला.

कुंडीतली_कविता

सगळ्यांचे खूप खूप आभार. काय काय झालं ते सांगते.

जास्वंदीची छाटणी केली होती त्या काड्या वाळलेल्या होत्या, काल लेकीने आधी त्या काट्यावर ठेवून वजन लिहून घेतलं, मग गच्चीवर जुन्या घमेल्यात मी त्या जाळल्या. ओंजळभर काड्यांची राख उरली चमचाभरसुद्धा नाही, करडी आणि इतकी हलकी की ती तोंड जवळ नेऊन बघायला गेली तर अर्धी उडाली. काट्यावर ठेवली तर काटा शून्यावरून हलेना. मग ती बराच वेळ घमेल्याकडे बघत बसली. उरलेली राख तिने काडेपेटीत भरली, वर "माती" असं लिहिलं, आणि रात्री जास्वंदीच्या नवीन कुंडीत टाकून आली, म्हणे आपण तिची घेतली होती ना.

वालाचे दाणे उद्यापासून भिजतील. पन्नास मोजून काढलेत, त्यातले किडके वगळण्यावरून आमचं भांडणही झालं.

मला वाटलं विषय संपला. आज सकाळी दात घासता घासता बाहेर आली आणि विचारते, "आई, झाड हवेतून जाड होतं, मग बाबा पाच किलो बारीक झाले तेव्हा ते पाच किलो कुठे गेले?"

फळा_आणि_खडू

बरेचसे नाकातून. चरबी जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, आणि त्यातला मोठा वाटा श्वासावाटे बाहेर पडतो. कोण जाणे, त्यातला थोडा तुमच्या जास्वंदीनेच उचलला असेल. पण ताई, हे तिला आत्ता सांगू नका, शाळेला उशीर होईल.